अठरावा माणूस

वाईच्या स्टँडवर कुणालाही विचारा, "सतरा सीटर कुणाची मिळेल?" चार-पाच नावं सांगतील, त्यात माझं असतं. आधी दुसऱ्याच्या ट्रॅक्स जीपवर ड्रायव्हर होतो. मग जुनी तेरा सीटर ट्रॅव्हलर घेतली, आणि तिच्यावर कमावून सतरा सीटरवर आलो. मालक मीच, ड्रायव्हरही मीच. लगीनसराईत आणि मे महिन्यात पुतण्या दुसरा ड्रायव्हर म्हणून सोबत असतो.

गाडीचं घराणं जुनं आहे. एन. के. फिरोदियांनी १९५८ साली जर्मनीच्या टेम्पो कंपनीशी हात मिळवून बजाज टेम्पो काढली. १९६९ साली मॅटाडोर आली आणि गावोगावची वऱ्हाडं तिच्यात बसली. १९८७ साली ट्रॅव्हलर आली, तीही मर्सिडीजच्या जर्मन व्हॅनच्या धर्तीवर. २००५ साली कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण आमच्याकडचे जुने मिस्त्री बॉनेट उघडताना अजून "मर्सिडीजचं रक्त आहे" असं कौतुकानं म्हणतात.

अधूनमधून कुणीतरी फोन करतं, "दादा, ट्रॅव्हलर घ्यावी म्हणतोय, परवडतं का?" फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहून काढलंय. बाकी मुद्दे सुचले तसे आहेत, पहिला तेवढा मुद्दाम पहिला ठेवलाय.

१. सतरा म्हणजे सतरा

भाडं ठरवायला आलेला माणूस खरा आकडा सांगत नाही. "सतराच आहेत मालक. दोन बारकी पोरं आहेत, ती मांडीवर बसतील." सकाळी दारात गाडी लावली की त्या बारक्या पोरांना मिसरूड फुटलेलं असतं. मग आयत्या वेळी आत्याबाई निघतात, शेजारच्या काकू निघतात, नवरदेवाचा मित्र "मी उभा राहीन" म्हणत पायरीवर चढतो. मी गाडी चालू करत नाही. घरातलं एखादं वडीलधारं पुढं येतं.

"बसत्यात की वो! आमच्या गावाकडं जीपला वीस बसत्यात."

"आबा, सीटला पट्टे सतरा हायत. अठरावा पट्टा कुठनं आणू?"

आवाज चढवायचा नाही, चावी मात्र खिशातच ठेवायची. बऱ्याचदा दोघं-तिघं मोटरसायकलवर मागून येतात. कधी भाडं जातं. जाऊ द्यावं.

याचं कारण माणुसकीत शोधायला नको, वजनातच सापडतं. सतराच्या जागी चोवीस बसले की सात माणसांचं चारशे किलोच्या वर वजन वाढतं, आणि ते बसतं कुठं? मधल्या वाटेत, मागच्या सीटवर, म्हणजे मागच्या चाकांवर आणि त्याच्याही मागं. पुढचं वजन हलकं होतं, स्टिअरिंग हातात सैल लागतं, आणि ब्रेक दाबला की गाडी थांबायला वेळ घेते. ८०च्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, तेव्हा हा वेळ कुठून आणायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं. ऑक्टोबर २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ एक ट्रॅव्हलर कंटेनरवर आदळली आणि बारा जण गेले. दर्ग्याच्या दर्शनाहून परतणारी माणसं होती. सतरा जणांच्या गाडीत पस्तीस जण होते.

विम्याचंही तेच. आरसी बुकावर जेवढ्या सीट लिहिल्या आहेत तेवढ्यांचाच विमा. अठराव्याला काही झालं की कंपनीचा वकील कोर्टात पहिला प्रश्न तोच काढतो.

यावर इलाज एकच: पहिल्याच फोनला नावांची यादी मागायची. परमिटसाठी यादी गाडीत ठेवावी लागतेच. नावं लिहायला बसलं की आकडा आपोआप खरा होतो. यादी वीसवर गेली तर मी ओळखीच्या एर्टिगावाल्याचा नंबर देतो. तोही मला गिऱ्हाइकं देतो.

२. पहिले काही दिवस रिकामी चालवा

जीप, बोलेरो चांगली चालवणारा माणूस ट्रॅव्हलरवर बसला की पहिल्यांदा जिथं चुकतो ती जागा वळण. मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेनं जात नाही, आतून कापत जातं. जेवढा व्हीलबेस लांब, तेवढं जास्त आतून. कंपनीनं मॉडेलच्या नावातच व्हीलबेस दिलेला आहे, ३०५०, ३३५०, ३७००, ४०२०, हे मिलिमीटरचे आकडे आहेत. शोरूममध्ये सगळे सीट मोजतात, पण घाटातला माणूस असाल तर आधी हा आकडा बघा. पसरणी घाटातल्या वळणावर ३३५०ची गाडी एका दमात वळते, तिथं लांब गाडीला पलीकडच्या बाजूला जाऊन यावं लागतं. समोरून महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी भरलेला पिकअप येतोय का हे आधी बघावं लागतं.

दुसरी गोष्ट शेपूट. मागच्या चाकांच्या मागं बॉडी बरीच असते. रस्त्याच्या कडेला दगडी कठड्याला खेटून उभी केलेली गाडी जोरात बाहेर काढली की शेपूट कठड्याकडं झुकतं आणि मागचा कोपरा घासतो. वाईच्या गल्ल्यांतून वरात काढताना हे लवकर कळतं. तिसरी गोष्ट उंची. गाडी अडीच मीटरच्या आसपास, वर कॅरिअर आणि कॅरिअरवर बॅगा. रेल्वेच्या बोगद्याखाली, मॉलच्या पार्किंगला, हॉटेलच्या कमानीखाली आधी उतरून बघायचं. पार्टीतला कोणी "जाईल, जाईल" म्हणाला तरी.

रिव्हर्सला कॅमेरा असू द्या, तरी मागं माणूस उभा करा आणि त्याला एकच गोष्ट शिकवा: तोंडानं "येऊ द्या, येऊ द्या" करायचं नाही, पत्र्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे या, दोन म्हणजे थांबा. आतल्या बायकांच्या गप्पांत तोंडाचा आवाज ऐकू येत नाही.

३. ज्या गिअरवर चढला, त्याच गिअरवर उतरा

हे वाक्य प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असतं आणि दर पावसाळ्यात कुणीतरी विसरतं. महाबळेश्वरहून आंबेनळी उतरून पोलादपूरला जायचं म्हणजे १,३०० मीटरच्या वरून कोकणपट्टीत यायचं. चाळीसेक किलोमीटर उतार आहे. भरलेल्या गाडीची ही सगळी उंची उष्णता होऊन कुठंतरी जावी लागते. इंजिननं धरली तर ती रेडिएटरमधून जाते. ब्रेकनं धरली तर लायनर, ड्रम आणि ब्रेक ऑइल तापतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट-३ ऑइल २०५ अंशांच्या वर उकळतं, ओल शोषलेलं १४०च्या आसपास. उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पायाखाली पेडल पोकळ लागतं. म्हणून मी पावसाळा संपला की ब्रेक ऑइल बदलतो. गॅरेजवाला म्हणतो, "अजून चांगलं आहे की." त्याच्या दृष्टीनं चांगलं असेल.

न्यूट्रलला सोडून डिझेल वाचतं ही समजूत आता तरी काढून टाका. कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजेक्टर डिझेल सोडणंच बंद करतात, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे न्यूट्रलवाला डिझेलही घालवतो आणि जीवही.

ब्रेक सतत घासत उतरायचं नाही. वेग वाढला की एकदा नीट दाबायचा, खाली आणायचा, सोडायचा. लायनर जळल्याचा वास आला तर जागा बघून थांबायचं, अर्धा तास लागला तरी. चाकांवर पाणी मारायचं नाही, तापलेल्या ड्रमला चीर जाते. हँडब्रेकही ओढून ठेवायचा नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड लावायचा. पार्टी खाली उतरून फोटो काढते, त्यांना थांबण्याचं कारण सांगायची गरज पडत नाही.

आमच्या खंबाटकीला वेगळीच गंमत आहे. साताऱ्याकडून पुण्याला जाताना बोगदा आणि पुण्याहून येताना घाट. बोगद्यातून सरळ रस्त्यावर आल्यासारखं वाटतं, पाय मोकळा होतो, आणि पुढं लगेच एस आकाराचं वळण. बोगद्याच्या आतच गिअर खाली आणून ठेवायचा.

४. मागची सीट तरण्यांना द्या

मागची सीट मागच्या चाकाच्या पलीकडं असते. खड्डा चाकाला जेवढा लागतो त्याहून जास्त मागच्या सीटवरच्या माणसाला लागतो. ज्यांना गाडी लागते ती माणसं तिथं बसली की पसरणीच्या चौथ्या वळणाला पिशवी मागतात. म्हणून गाडी लावली की मीच बसवतो. म्हातारी माणसं, लहान पोरं आणि ज्यांना गाडी लागते ती दोन्ही चाकांच्या मध्ये, खिडकीला. कॉलेजची पोरं मागं. ती तशीही मागंच जाऊन बसतात.

आवळा सुपारी आणि लिंबू ठेवतो. पण खरं औषध ड्रायव्हरच्या पायात आहे. वळणाआधीच वेग कमी करायचा, वळणात ब्रेक लावायचा नाही. घाटात ओकारी झाली तर रस्त्याला नावं ठेवण्याआधी ड्रायव्हरचा पाय बघावा, असं माझं मत आहे.

५. गाडी सजवणं आणि गाडी वाढवणं

नवी गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात जो खर्च होतो तो बहुतेक वेळा दिसणाऱ्या गोष्टींवर होतो. एलईडीच्या पट्ट्या, छताला नाचणारे दिवे, मोठा ॲम्प्लिफायर, वेगवेगळ्या सुरांत वाजणारा हॉर्न. सुरांचे हॉर्न कायद्यानं बंद आहेत. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ आडवं येतं, सीट वाढवणं तर सोडाच. पासिंगच्या आदल्या रात्री गॅरेजात बसून हे सगळं उतरवणारे मालक मी बघितलेत. पासिंग झालं की पुन्हा चढवतात. दोन्ही वेळची मजुरी जाते.

खरी भीती तारांची. ॲम्प्लिफायर, चार्जर, दिवे, पंखे, सगळं एकाच तारेतून ओढलं जातं, मध्ये फ्यूज नसतो, आणि तार सीटखालून, गालिच्याखालून, कुठंतरी पत्र्याच्या धारेवरून जाते. पत्र्यानं तारेवरचं रबर खाल्लं की ठिणगी पडते. जे लावायचं असेल ते लावा, पण प्रत्येकाला स्वतःचा फ्यूज बॅटरीजवळ, आणि तार पाइपातून. अल्टरनेटर किती ॲम्पिअरचा आहे हे आधी विचारा. वायरमन बेरीज करत नसेल तर दुसरा वायरमन बघा.

आता पैसे कुठं घालावेत ते सांगतो, माझ्या हिशेबानं.

सगळ्यात आधी दाराची पायरी. हे कुणी सांगत नाही. माझ्या गिऱ्हाइकांत निम्म्या आज्या. काळूबाईच्या मांढरदेवीला, शिखर शिंगणापूरला, गोंदवल्याला जाणाऱ्या. नऊवारी नेसलेली सत्तरीची बाई ट्रॅव्हलरच्या दारात येते, पाय उचलते, पायरी गुडघ्याच्या वर येते, काष्टा ताणतो, मग ती एका हातानं दार धरते, दुसऱ्या हातानं सुनेचा खांदा. मागं रांग लागते. ते दार हलतं असतं! मी खाली एक जादा फोल्डिंग पायरी बसवून घेतली, वर खरखरीत रबर लावलं आणि दाराच्या आत दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीवर दांडी लावली, लाल रंगाची, म्हणजे मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांनाही दिसते. पायरी आत घेतली नाही तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. एवढ्या खर्चात एक चांगला स्पीकर आला असता. पण मंडळातल्या बायका पुढच्या वर्षी बुकिंगला "ती लाल दांडीची गाडी" म्हणून फोन करतात.

त्यानंतर सीटचा फोम. पुशबॅक सगळीकडं असतं, फोम मात्र दोन वर्षांत बसतो आणि खालची लोखंडी पट्टी लागायला लागते. कव्हर बदलून ते लपतं, जात नाही. फोम बदलावा. त्यानंतर मागच्या माणसापर्यंत पोचणारा एसी. पुढं गारठा आणि मागं घाम अशी गाडी लोक दुसऱ्यांदा घेत नाहीत. पसरणी चढताना मी एसी बंद करतो आणि तसं आधी सांगतो: "दहा मिनिटं खिडक्या उघडा, पाचगणीला आपोआप एसी लागतो." लोक हसतात, कुणी तक्रार करत नाही.

आग विझवायचा सिलिंडर, प्रथमोपचाराची पेटी, काच फोडायची हातोडी हे तर लागतंच. फक्त हातोडी कुठं आहे हे निघताना सगळ्यांना दाखवा. विमानात दाखवतात तेव्हा लोक ऐकतात, आमच्याकडं का ऐकणार नाहीत? ऐकतात, पोरं तर फार मन लावून.

कॅरिअरबद्दल एक शब्द. वरचं वजन वळणात गाडीला बाहेर ओढतं. जड बॅगा, पाण्याचे कॅन, स्वयंपाकाची भांडी खाली, डिकीत. वर फक्त गाद्या-चादरींसारखं हलकं, ताडपत्रीखाली बांधलेलं.

६. टायर

टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ३२२१ म्हणजे २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला. जुनी गाडी घेताना मी इंजिनच्या आधी हे चार आकडे वाचतो, स्टेपनीचे सुद्धा. नक्षी भरपूर आणि टायर सात वर्षांचा, म्हणजे गाडी उन्हात उभी होती. पुढं रबर चढवलेला टायर कधीही नाही, त्यावर चर्चा नको. हवा सकाळी, गार टायरला. दुपारी हायवेवर तपासलेली हवा खोटं बोलते.

७. पिवळी पाटी, पांढरी पाटी

"घरचीच गाडी आहे, पांढऱ्या पाटीवर घेऊ, ओळखीत भाडं मारू." हे गणित वाईतच मी कितीदा ऐकलंय. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून पैसे घेऊन माणसं नेली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. वाचवलेला कर एका दिवसात वसूल होतो, तुमच्याकडून. भाडं मारायचं असेल तर पिवळी पाटी, टुरिस्ट परमिट, स्पीड गव्हर्नर, जीपीएस, सगळं नीट. राज्याबाहेर जायचं परमिट २०२१च्या एप्रिलपासून ऑनलाइन निघतं. पूर्वी गोव्याला जाताना नाक्यावर पहाटे पावतीसाठी रांग लावायचो, तो वेळ वाचला.

परवान्याचा घोळ सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मिटवला. एलएमव्ही परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचं प्रवासी वाहन चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही. पण परवान्यात बसतं म्हणून कुणाच्याही हातात गाडी देऊ नये.

आणि आमचं परमिट ठरलेल्या पार्टीसाठी असतं. रिकामं पुण्याकडं जाताना सुरूर फाट्यावर हात करणारे दहा-बारा जण दिसतात, "पुणे, पुणे?" म्हणतात. मोह होतो. ती टप्पा वाहतूक झाली, ती एसटीची. मी हात हलवून पुढं जातो. मधल्या पट्ट्यात आरटीओची गाडी उभी असेल तर परमिटच धोक्यात येतं.

८. हिशेब बारा महिन्यांचा करा

दिवाळी, नाताळ, लगीनसराई, मे महिना. या दिवसांत गाडी दारात दिसत नाही. आषाढात, पितृपक्षात मी ती रोज धुतो. हप्ता मात्र बँक बारा महिने कापते. ज्यानं मे महिन्याचं उत्पन्न बारानं गुणलं त्यानं गाडी विकायला काढली.

भाव दिवसाला कमीत कमी ३०० किलोमीटर धरून सांगायचा, वरचं किलोमीटरवर. टोल, पार्किंग पार्टीचं. ड्रायव्हर भत्ता वेगळा. टोलनाक्यावर सतरा सीटर मोटारीच्या दरात जात नाही, मिनीबसचा दर लागतो, हे बुकिंगलाच सांगा, नाहीतर खेड-शिवापूरला वाद होतो. एकेरी भाड्यात रिकामं येणंही धरायचं. मुंबईला सोडायचं आणि परतीचं भाडं मिळेल या आशेवर अर्ध्या भावात जायचं, हा धंदा नव्हे, सोडत आहे.

तेरा सीटरवरून सतरावर जावं का? तेरामध्ये दोन घरं बसतात, सतरात मंडळ बसतं. घरगुती गिऱ्हाईक असेल तर तेरा बरी, डिझेल कमी, कर कमी, गल्लीत शिरते. माझ्याकडं भजनी मंडळं, शाळा, कंपनीची माणसं वाढली तेव्हा मी सतरावर गेलो. मेणवलीच्या घाटावर सिनेमाची शूटिंगं होतात, त्या युनिटचंही भाडं मिळतं. पैसे चांगले, पण गाडी बारा तास उभी आणि एसी चालू. इंजिनचे तास मोजा, किलोमीटर मोजून भागत नाही.

९. रात्री ड्रायव्हर कुठं झोपतो

पार्टी सहलीचा कागद घेऊन येते. अष्टविनायक एका दिवसात आणि रात्रीत. सहाशेच्या वर किलोमीटर, आठ देवळं, लेण्याद्रीच्या पायऱ्या, वर मध्ये "जाता जाता" आणखी एखादं. मी म्हणतो, देवाला घाई नाही, दोन दिवस लागतील. नाही म्हणाले तर दुसरा ड्रायव्हर लागेल, त्याचा भत्ता पडेल. १९६१चा मोटर ट्रान्सपोर्ट कामगार कायदा ड्रायव्हरचे दिवसाचे आठ तास धरायचा. मालक स्वतः ड्रायव्हर असला की त्याला कुणी विचारत नाही, म्हणून त्यानं स्वतःला विचारावं. रात्री दोन ते पाच मी स्टिअरिंग हातात धरत नाही. हे बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहिलेलं असतं.

मुक्कामाला गेलात की सतरा जणांच्या खोल्या ठरतात, ड्रायव्हर गाडीत झोपेल असं गृहीत असतं. मागच्या सीटवर, डासांत, एसी बंद. सकाळी तोच माणूस तुम्हाला कुंभार्ली घाटातून आणणार. हॉटेलवाल्याला ड्रायव्हरसाठी खोली आहे का विचारा, नसेल तर हॉलमध्ये एक गादी आणि पंखा. आता मी ही अट भाव सांगतानाच घालतो. मजा म्हणजे या अटीवरून आजवर कुणी भाडं मोडलेलं नाही.

१०. पुढची गाडी

नव्या गाडीचं फिटनेस पहिल्यांदा दोन वर्षांचं मिळतं, आठव्या वर्षापर्यंत दर दोन वर्षांनी, मग दरवर्षी. म्हणून गाडी विकायची तर सातव्या वर्षी, हा आमच्या स्टँडवरचा हिशेब. मी विकताना सर्व्हिसची वही देतो आणि पाटे कधी बदलले, क्लच कधी बदलला ते वाचून दाखवतो. घेणारा कमी घासाघीस करतो.

आता पुतण्याच्या डोक्यात फोर्सचीच नवी व्हॅन, अर्बानिया, बसली आहे. पार्ट्याही विचारायला लागल्यात, खासकरून पुण्या-मुंबईच्या. चारी चाकांना डिस्क ब्रेक, पुढं एअरबॅग, आवाज कमी. हे सगळं मला पटतं. हप्ता जवळपास दीडपट पडतो आणि किलोमीटरचा भाव वाईच्या गिऱ्हाइकाला तेवढा वाढवून सांगता येत नाही, हे त्याला पटत नाही. आम्ही दोघांनी वहीत दोन कॉलम पाडलेत. ब्रेकच्या बाजूनं मी त्याच्याकडं झुकलोय. दाराची पायरी जमिनीपासून किती उंच आहे हे मात्र त्यानं मोजलेलं नाही. पुढच्या पुण्याच्या भाड्याला टेप घेऊन शोरूमला जायचं ठरलंय, जमलं तर आईलाही सोबत नेणार आहे. ती चढून बघेल.